रिपोर्ट हातात आल्यावर

चि. रेवा,

अनेक आशीर्वाद.

तू विकत घेते आहेस त्या घराच्या तपासणीचा रिपोर्ट सगळा वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. फोनवर तू घाबरलेली वाटलीस, पण घाबरण्यासारखं त्यात फार थोडं आहे. तपासणाऱ्याचं कामच असतं दिसेल ते लिहिणं. नव्याकोऱ्या घरातही त्याला चार गोष्टी सापडतात. दाराची बिजागरी कुरकुरते, जाळी फाटलीय, बाथरूममधली एक टाइल पोकळ वाजते. या गोष्टी तू घर बघायला गेलीस तेव्हाही तिथेच होत्या, आणि घराचं वय धरूनच तू भाव कबूल केलास. आता त्यांची यादी करून पैसे मागितलेस, तर विकणाऱ्याला वाटेल हिला नुसती घासाघीस करायचीय. मग खऱ्या दुखण्याबद्दलही तो नीट ऐकून घेणार नाही.

माझ्या मते बोलण्यासारख्या गोष्टी दोनच: मागच्या खोलीतली ओल, आणि अर्थिंग नसलेलं जुनं वायरिंग.

ओलीचा फोटो पुन्हा काढून बघ. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत पांढरट पिठासारखा लोणा आलाय. पाणी भिंतीतले क्षार घेऊन पृष्ठभागावर येतं, उडून जातं आणि क्षार मागे राहतो. त्यामुळे कधीतरी एकदा बादली सांडली होती, असा हा प्रकार नाही. पाणी येत राहिलंय. कुठून, ते मात्र रिपोर्टात नाही. तपासणारा भिंत फोडत नाही. डोळ्यांना दिसलं आणि ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरने दाखवलं, तेवढंच तो लिहितो. खालून चढणारी ओल सहसा मीटर-दीड मीटरच्या वर जात नाही. पाइप गळत असेल तर डाग पाइपच्या आसपास राहतो आणि कोरड्या दिवसांतही जात नाही. छताकडून पाणी येत असेल तर वरून खाली ओघळ दिसतात. खर्चात मात्र जमीनअस्मानाचा फरक. पाइपचा सांधा बदलणं हे दिवसाभराचं काम. खालून चढणारी ओल अडवायची तर खराब गिलावा काढायचा, भिंतीत ओल रोखणारं रसायन भरायचं आणि मग भिंत वाळायची वाट बघायची. जाडीच्या दर 25 मिलिमीटरला साधारण एक महिना, असा आमचा ठोकताळा. तोवर वरून चांगला रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

म्हणून भावाचं बोलणं काढण्याआधी ओलीचं कारण शोधणारा माणूस ने. पाइपचं प्रेशर टेस्टिंग, म्हणजे दाब देऊन गळती आहे का ते बघणं, करून घे. त्यानंतर दोन वेगवेगळ्या कंत्राटदारांकडून लेखी कोटेशन घे, त्यात कामाचा तपशील हवा. ‘अंदाजे इतके लागतील’ या तोंडी वाक्यावर कुणी भाव कमी करत नाही.

ओलीच्या वरच्या पट्ट्यात ताजा रंग दिसतोय, त्यावरून ‘तुम्ही लपवलंत’ असं म्हणायचा मोह तुला होईल. म्हणू नकोस. घर विकायला काढलं की लोक रंग लावतातच. आणि एकदा माणूस दुखावला की तो हिशेब सोडून इज्जतीवर येतो. कोटेशन पुढे ठेव, म्हणावं, ‘भाव ठरला तेव्हा हे आपल्या दोघांनाही दिसलं नव्हतं.’ त्यालाही कळतं, की तू सोडून गेलीस तरी पुढच्या गिऱ्हाइकाचा तपासणारा हेच लिहिणार. शिवाय माहीत असलेला दोष खरेदीदाराला सांगणं अनेक ठिकाणी कायद्यानेच बंधनकारक असतं.

ओलीचा खर्च पूर्ण माग. वायरिंगचा पूर्ण मागू नये असं मला वाटतं. जुनं जाऊन तिथे नवं येणार, त्याचा फायदा पुढची कित्येक वर्षं तुलाच आहे. अर्थिंगचा आणि धोक्याच्या दुरुस्तीचा खर्च त्याने द्यावा, बाकीचं तू कर. असा हिशेब मांडलास तर ओलीवरही तो सरळ बोलेल.

‘मीच दुरुस्त करून देतो’ असं तो म्हणाला, तर शक्यतो नको म्हण. घर सोडून जाणारा माणूस स्वस्तातला कारागीर आणणार, आणि वाकडं काम नंतर तुझ्या गळ्यात. पैशातच घे, पण कसे घ्यायचे ते नीट समजून घे. तुझ्या घराच्या किमतीतला 80 टक्के भाग कर्जाचा आहे. त्या प्रमाणात भावात 100 कमी झाले, तर तुझ्या हातातले त्या दिवशी 20च वाचतात. उरलेले 80 कर्जातून वजा होऊन हप्त्याहप्त्याने वर्षानुवर्षं परत मिळतात. भिंतीचं काम करणारा मात्र 100च्या 100 आत्ताच मागणार. म्हणून आधी विचार, की भाव तोच ठेवून, व्यवहार पूर्ण होताना दुरुस्तीची रक्कम विकणाऱ्याकडून थेट तुला मिळेल का. बँकेला हे आधी सांगावं लागतं, आणि अशी रक्कम किती चालते याला काही ठिकाणी मर्यादाही असते. नाहीच जमलं तर भाव कमी करून घे, पण दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला काढून ठेव.

एक सांगायचं राहिलं, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली ती तिरकी भेग. केसाएवढी आहे, बहुतेक गिलाव्याचीच. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहायला मालकाची परवानगी माग. पुढे वाढली तर कळेल. भेग पाच-सहा मिलिमीटर रुंद असती, किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत गेली असती, तर मी भावाचं नावच काढू दिलं नसतं, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठला असता.

मुदतीकडे लक्ष ठेव. तपासणीनंतर मागे फिरण्याची तारीख करारात आहे. ती उलटली की इसाराची रक्कम अडकू शकते आणि विकणाऱ्यालाही घाई उरत नाही. कारण शोधायला वेळ लागणार असेल तर मुदत वाढवून माग, तीही लेखी. विकणाऱ्याशी बोलायला बसण्याआधी घरच्या घरी तुम्ही दोघांनी एक आकडा ठरवा, त्याहून कमी मिळालं तर घर सोडायचं. तो एजंटला सांगू नका. एजंट कितीही चांगला असला तरी त्याची दलाली व्यवहार झाला तरच मिळते.

कोटेशन आली की पाठव, मी कामाचे तपशील तपासून देतो.

तुझा,
बाबा

ता. क. दुरुस्ती शेवटी त्यानेच करून द्यायची ठरली, तर बिलं आणि गॅरंटीचा कागद तुझ्या नावावर घे, आणि ताबा घेण्याआधी तोच मॉइश्चर मीटर पुन्हा भिंतीला लावून घे.