बाबा, परवाच्या प्रश्नाचं उत्तर

सांगा, जि. काभ्रे, नेपाळ

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, गावाचं नाव खरंच 'सांगा' आहे. "कुठे आहेस ते सांग" आणि "सांगा" हा फोनवरचा घोळ पुरे झाला, म्हणून लिहूनच कळवते. गावच्या टेकडीवर १४३ फुटी महादेव उभा आहे. सोमवारी तुझ्या वतीने हात जोडते, काळजी नसावी.

बाबा, मी काम करते त्या मणक्याच्या दुखापतींच्या पुनर्वसन सेंटरमधल्या पेशंटबद्दल परवा तुम्ही विचारलंत, "ती माणसं चालायला लागतात का गं?" आणि मी विषय बदलला. मज्जारज्जू पुरता निकामी झाला असेल, तर बहुतेक नाही लागत. मग मी इथे करते काय? कूस बदलायला शिकवते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. कंबरेखाली संवेदनाच नाही, त्यामुळे चादरीची सुरकुती रुतली तरी कळत नाही आणि कातडी सडते. खुर्चीत बसल्यावर हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. लघवी ठरल्या वेळी स्वतःच नळी घालून काढायची. हे पहिल्यांदा सांगताना माझीच मान खाली जायची. आता चारा तोडताना झाडावरून पडलेली एक दिदी नव्या पेशंटना ते माझ्यापेक्षा बरं शिकवते.

तिला घरच्यांनी 'डोको'मध्ये (डोको म्हणजे आपल्या हाऱ्यासारखी पाठीवरची टोपली) बसवून रस्त्यापर्यंत आणलं होतं. डोंगरात दुसरं वाहन नाही. व्हीलचेअर दिली तरी तिचं घर दीड तासाच्या चढावर, तिथे चाकं काय कामाची? म्हणून ती शिवण शिकतेय. खाली रस्त्याकडेला खोली मिळाली तर बरं.

हे सेंटर २००२ साली सुरू झालं. पत्रकार कनकमणि दीक्षित अन्नपूर्णेच्या वाटेवर पडून स्वतः जायबंदी झाले होते, त्यातून हे उभं राहिलं. २०१५ च्या भूकंपानंतर खाटा कमी पडल्या होत्या, असं जुने लोक सांगतात.

डोको पाहिला की मला आपला नारळ उतरवणारा पाडेली आठवतो. माडावरून पडला तेव्हा तुम्ही चौघांनी त्याला उचलून रिक्षात बसवलंत. बाबा, तुम्ही ते मनाला लावून घेतलंय, मला माहीत आहे. तसं बसवायला नको होतं, हे खरं. पण त्याचा कणा पडतानाच मोडला असेल किंवा रिक्षात आणखी दुखावला असेल, आता कोण सांगणार? तो गेला मात्र त्याने नाही. ओटीवर एकाच कुशीवर सहा महिने पडून होता, पाठीला हात जाईल एवढी जखम झाली होती, तापाने गेला. त्या सहा महिन्यांत काय करायचं, हे आपल्या वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनीही "घरी न्या" एवढंच सांगितलं होतं.

म्हणून आणखी सहा महिने राहतेय. गणपतीला येईन, पण पाचच दिवस. आई, रागावू नकोस.

आणि बाबा, त्याचा मुलगा आता माडावर चढतो ना? वाडीतल्या पोरांना सांगून ठेवा, कुणी पडलं तर बसवायचं नाही. मान न हलवता फळीवर आडवं घालायचं, मग टेम्पो. मागच्या पडवीतली जुन्या दाराची फळी आई चुलीत घालायची म्हणत होती, ती राहू द्या.

तुमची,
मनू