अप्पांचे पाइप आणि दवाखान्याचं कपाट

सांगली,
१४ एप्रिल

प्रिय वसंता,

स. न. वि. वि. वगैरे. गुडघा आहे तसाच आहे, साखर आटोक्यात, सुमनचं बरं चाललंय. तब्येतीचं संपलं.

अप्पांचे तंबाखू ओढायचे पाइप माझ्याकडे आलेत. सगळे, एकतीस. वहिनी वाडा आवरतायत, आणि बंड्याच्या डोक्यात होतं की प्लायच्या फळीवर फेविक्विकने ओळीने चिकटवायचे आणि फ्रेम करून हॉलमध्ये टांगायचे. हे वाचून तुझं काय झालं असेल ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून तुलाच लिहितोय. त्यांच्यासाठी एक जुनं कपाट घेतलंय, रमजानचाचा आणि मी ते बदलतोय. सगळं जमतंय, एक गोष्ट सोडून. ती गंधकाची आहे, आणि तू जन्मभर रबराच्या कारखान्यात गंधक हुंगलायस. पण आधी कपाट ऐक. माप न सांगता तुला काही विचारलं की तू उत्तराऐवजी उलटतपासणी घेतोस, हे वालचंद कॉलेजपासूनचं आहे.

कपाट म्हणजे एका जुन्या दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाचा वरचा अर्धा भाग. सागवानी, दोन काचेची दारं, वखारीत पडून होता. आतून ३३ इंच रुंद, ३० इंच उंच आणि ९ इंच खोल. यातलं शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं. टीव्हीचं कपाट किंवा कपड्यांचं कपाट १८ ते २२ इंच खोल असतं, त्यात सहा इंचाचा पाइप ठेवला की तो विहिरीत पडल्यासारखा दिसतो. पुस्तकांचं १२ इंची चालतं, पण ८ ते १० इंच असेल तर उत्तम.

२०१९च्या पुराचं पाणी त्याला लागलंय. तळापासून चार इंचांवर काळी रेघ स्पष्ट दिसते. तू लगेच नाक मुरडशील, पण सांगलीत जुनं लाकूड घ्यायचं तर पूर गृहीत धरूनच घ्यावं लागतं. अस्सल सागाला पुराने फारसं होत नाही, होतं ते प्लायला आणि लोखंडाला. म्हणून खालच्या पट्टीचा एक स्क्रू फिरवून बघायचा. तो गंजून मोडला तर सगळे पितळेचे घालायचे. पाठीचं प्लाय बोटाने दाबायचं, पापुद्रे सुटले असतील तर काढून टाकायचं. सांध्यांतला गाळ दातांच्या जुन्या ब्रशने आणि कमीत कमी पाण्याने काढायचा, दारं उतरवायची आणि दोन-तीन आठवडे सावलीत वारा खाऊ द्यायचा. उन्हात ठेवलं की फळ्यांची टोकं तडकतात आणि सांधे उघडतात. एप्रिलमध्ये सांगलीचं ऊन म्हणजे तर भट्टीच.

कडेच्या पांढऱ्या लाकडात भुंग्याची भोकं होती. सागाच्या गाभ्याला भुंगा शिवत नाही, पांढरं खातो. ताजं पीठ गळत असेल तर रोग चालू आहे असं समजायचं. दुकानदार रॉकेलमध्ये कालवायचं औषध देतो, ते इथे चालणार नाही, कारण रॉकेलचा वास कपाटातून वर्षभर जात नाही आणि ब्रायरचं लाकूड, म्हणजे ज्याचे हे पाइप असतात ते, तो ओढून घेतं. आम्ही लिटरभर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून दोन हात मारले. पांढरे स्फटिक वर आले तर ओल्या फडक्याने पुसायचे, नाहीतर पॉलिश धरत नाही. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. वहिनींनी जुन्या पेटीत मूठभर टाकल्या होत्या, त्यातल्या दोन पाइपांना अजून कपड्यांच्या ट्रंकेचा वास येतो.

कपाटालाही दवाखान्याचा वास होताच. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून थोडा गेला, उरलेला चपड्याने बंद केला. इथे तुझं-माझं जुनं भांडण: तू म्हणशील मेलामाइन मार, चकचकीत होतं. होतं, पण त्याचा वास आठवडेच्या आठवडे निघत राहतो, आणि बंद कपाटात तो पाइपांखेरीज जाणार कुठे? चपडा लाख स्पिरिटात विरघळवली की स्पिरिट उडून जातं आणि मागे राहणारा थर लाकडातला वास आतच कोंडतो. मिरजेचे सतार करणारे हेच वापरतात, चाचांचा हातही तिथेच बसलाय. पहिले दोन हात पातळ, लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम. नंतर हवं तर २०० ग्रॅमपर्यंत. चपडा शिळा असेल तर कधीच कडक होत नाही, चिकट राहतो. म्हणून काचेवर थेंब टाकून तासाभराने नख लावून बघायचं. आणि पावसाळी हवेत लावला की पांढरा पडतो. म्हणून मला मे संपायच्या आत हे उरकायचंय, आणि म्हणूनच या पत्राची घाई.

आता खाचा. जुन्या तीन फळ्या पाऊण इंची आहेत, त्याच वापरल्या. वरून साडेआठ, साडेआठ, सहा इंच अशी अंतरं, उरलं ते तळाला. सरळ पाइप वरच्या दोन फळ्यांवर उभे राहतात: वाटी आडवी खाली, तिचं तोंड काचेकडे, दांडी वर. वाटीसाठी फळीत खोलगट खणायचा. मॉड्युलर किचनवाल्या प्रत्येक सुताराकडे बिजागरीसाठी ३५ मिमीचा बिट असतो, तोच पुरतो. आठ मिमी खोल एक भोक, त्याच्या मागे १२ मिमी सरकून दुसरं. ४७ मिमी लांबीचा लंबगोल होतो, त्यात बहुतेक वाट्या बसतात. कडा पॉलिश पेपरने दोन मिमी मोडायची, नाहीतर वाटीवर गोल वळ उठतो. खोलगटांची मध्यं तीन-तीन इंचांवर, कडेला दीड इंच. ३३ इंचांत अकरा बसतात. पावणेतीन इंचांवर बारा बसले असते, पण मग एक पाइप काढताना शेजारच्याला धक्का लागतो.

दांडी धरायला फळीच्या वर चार इंचांवर एक आडवी पट्टी, पाऊण बाय दीड इंच. तिला समोरून १५ मिमी रुंदीच्या यू आकाराच्या खाचा. खाचेचा तळ खोलगटाच्या मागच्या टोकापेक्षा १२ मिमी मागे हवा, म्हणजे पाइप जरा मागे रेलतो. अगदी ओळंब्यात ठेवला तर दार आपटलं की बाहेर येतो. पट्टी पाच इंचांच्या वर गेली की दांडीच्या चपट्या टोकावर घासते, आणि दात लागून आधीच झिजलेली असते ती तिथेच. पट्टी फळीला चिकटवायची नाही, दोन्ही कडेच्या ठोकळ्यांना स्क्रूने लावायची. पुढे उंची बदलावी लागतेच. (फेविकॉल की स्क्रू, यावर आपण शिरूभाऊंच्या लग्नाच्या मांडवात काय बोललो ते मी विसरलेलो नाही.)

अशा बावीस खाचा. सरळ पाइप एकवीस. बावीसावी कुणासाठी हे तुला कळलंच असेल. तुझ्याकडचा तो पाइप तुला अप्पांनी दिला हे मला आजही मान्य नाही, पण त्याच्या वाटीचा बाहेरचा व्यास आणि एकूण लांबी कळव.

वाकड्या दांडीचे सात या पट्टीत बसत नाहीत, त्यांचा तोल पुढे जातो. त्यांच्यासाठी तिसऱ्या फळीवर उताराचा ट्रे, मागची बाजू अडीच इंच वर, पुढे अर्ध्या इंचाचा काठ, आणि त्यात ते तिरके निजवायचे. तळाला मिरशॉमचे दोन, त्यांच्या मूळच्या पेट्या उघड्या ठेवून. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरची ती माती, पडली की संपली. तिला स्पिरिट लावायचं नाही, कोरडं फडकं पुरे. त्यांच्याशेजारी तो आजोबाछाप लांब पाइप, आडवा. उभा ठेवला तर त्याची चौदा इंची दांडी कलेल. आणि हे तू सांगायची गरज नाही: एबोनाइट, म्हणजे दांड्यांचं ते कडक रबर, तापवून वाकवलेलं असतं, उष्णता लागली की परत सरळ व्हायला बघतं. म्हणून कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नाही, आतल्या भिंतीला, भिंतीपासून दीड इंच सोडून.

पाठीला हिरवी लोकरी बनात लावू म्हणत होतो, बिलियर्डच्या टेबलावर असते तशी. नको केलं. लोकरीत गंधक असतं, चांदी काळी पडते. मांजरपाट घेतलं, खळ जाईपर्यंत धुतलं, कारण खळीला कसर लागते. वॉटरप्रूफ प्लायवर ताणून मागून पिना मारल्या आणि ते प्लाय स्क्रूने बसवलं. साध्या प्लायमधून फॉर्मल्डिहाइड जास्त येतं, हेही तुझंच खातं. काचा चार मिमीच्या, चौकटीपेक्षा तीन मिमी लहान कापून घेतल्या. जुनी पुट्टी खरवडून लाकडी पट्टी लावली. सिलिकॉन लागलंच तर न्यूट्रल; व्हिनेगरसारखा वास येणारं म्हणजे चक्क ॲसेटिक ॲसिड. दिवा पिवळसर एलईडी पट्टीचा, वरच्या पुढच्या कडेला, ड्रायव्हर कपाटाबाहेर. बंड्याला रंग बदलणारी पट्टी हवी होती. गणपती बसवायचा नाहीये म्हटलं.

आता अडलेलं ऐक.

एकतीसपैकी नऊ पाइपांना चांदीचं वेढं आहे. दांड्या बहुतेक एबोनाइटच्या, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास गंधक, तुमच्या टायरसारखं दोन-तीन टक्के नव्हे. उजेड आणि दमट हवा लागली की वरचा थर शेवाळी-तपकिरी होतो आणि गंधकाचे वायू सुटतात. दोन बरण्या घेतल्या, दोन्हींत सुमनचं झिजलेलं एकेक जोडवं घासून ठेवलं, एकीत सोबत तपकिरी पडलेली दांडी. दांडीच्या बरणीतलं जोडवं पिवळं पडलंय, दुसरं पांढरं आहे. (सुमनला सांगू नकोस, ती जोडवी सोनाराकडे आहेत असं समजते.)

म्हणजे कपाट घट्ट बंद केलं तर चांदी काळी पडणार. म्हणून तळाला आणि वर मागच्या बाजूला दहा मिमीची चार-चार भोकं पाडून स्टीलची बारीक जाळी लावावी. ठीक. पण मग जुलै-ऑगस्टची हवा आत येणार. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि वाटीच्या आतल्या काजळीवर ती आधी धरते. बंद ठेवून सिलिका जेल टाकावं तर दीडशे लिटरची पोकळी आहे. बुटाच्या खोक्यातल्या पुडीने काय होणार, किलोभर तरी हवं, आणि ते रंग बदलला की १२० अंशांवर भाजून परत. भोकंही ठेवायची आणि जेलही टाकायचं, असं तर चालत नाही. अख्ख्या सांगलीची हवा कोण सुकवणार?

माझा बेत असा: ऑक्टोबर ते मे भोकं उघडी. पावसाळ्यात भोकांना बुचं, आत किलोभर जेल, कापडी पिशवीत पावशेर सक्रिय कोळसा आणि एक आर्द्रतामापक. आर्द्रता ४५ ते ५५ ठेवायची, त्याहून कोरडं नको, वेढी सैल होतात. आणि चांदीवाल्या नऊंच्या दांड्या काढून वाट्या वेगळ्या डब्यात. पण इथेच पोटात गोळा येतो. दांडी चार महिने बाहेर राहिली तर लाकडातलं भोक आवळतं किंवा फाकतं, आणि ऑक्टोबरमध्ये दांडी बसवताना लाकडी नळीलाच चीर गेली तर? अप्पांचा तो १९६२चा वाया गेला तर मी वहिनींना काय तोंड दाखवू? दांड्या न काढता वेढ्यावर मेणाचा पातळ हात दिला तर पुरेल का, असंही वाटतं. बोटांनी मेण निघून जाईल, पण आता हाताळतंय कोण?

तू मला दोनच गोष्टी सांग. दांडीवरचा तपकिरी थर ४०० ते २००० नंबरच्या ओल्या पेपरने काढला, तर खालचा ताजा पृष्ठभाग आणखी जोरात गंधक सोडेल, की तो आम्लाळलेला थर गेल्यामुळे कमी? आणि घासल्यावर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफीनचा हात दिला तर त्याने वायू अडतो, की फक्त ओल अडते? मला वाटतं दुसरंच. चाचांना वाटतं पहिलं. सहा दांड्या घासून ठेवल्यात, बाकीच्यांना हात लावलेला नाही.

पल्लवीची बातमी सुमनकडून कळली, फार बरं वाटलं, तिला वेगळं लिहीन. गच्चीच्या गळतीचं काम पावसाआधी करून घे, आणि त्या ठेकेदाराला आधी पैसे देऊ नकोस. वहिनींना (तुझ्या) नमस्कार. मोतीबिंदूचं कधी करतोयस?

मेच्या पहिल्या आठवड्यात चाचा शेवटचे दोन हात मारणार आहेत. भोकं पाडायची ती त्याआधीच पाडावी लागतील, म्हणून उत्तर पोस्टाने नको, फोन कर.

तुझा,
दिनू

ता. क. खोबरेल तेल सुचवू नकोस. ते खवट होतं. बंड्याने एका दांडीला लावून बघितलंय.