विन्या, टोकन अजून देऊ नकोस

पुणे, रविवार, ९ जून २०२४

प्रिय विन्या,

काल फोनवर तू म्हणालास, "लाखाचं टोकन देऊन तो ताथवड्याचा फ्लॅट बुक करू का? हो की नाही, एवढंच सांग," आणि मी गप्प बसलो. तुला राग आला, कळलं मला. पण फोनवर आकडे सांगायला लागलो की तू "हां हां" करतोस आणि लक्ष भलतीकडेच असतं. अकरावीला अकाउंट्सच्या तासालाही हेच करायचास. म्हणून आज पाऊस आहे, चहा आहे, सविता माहेरी गेली आहे, तर लिहूनच काढतो.

आधी गेल्या रविवारचं. ताथवड्याच्या त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये मी खिशातून टेप काढला तेव्हा तू लाजलास आणि वहिनी हसल्या. पण पलंग किती निघाला आठवतंय ना? पावणेसहा फूट. तू सहा फुटी माणूस! पाय खिडकीत टाकून झोपणार होतास का? खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून त्यांना दारं नव्हती, कपाटाच्या जागी भिंतभर आरसा होता आणि फ्रीज माझ्या छातीएवढा. ते ७६० फूट 'युजेबल कार्पेट' म्हणजे बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी धरून. रेरा या घरखरेदीच्या कायद्यात कार्पेट म्हणजे घराच्या आतली जागा, त्यात बाल्कनी धरत नाहीत. मी विचारल्यावर तिथल्या सेल्सच्या मुलीने पानं उलटून आकडा दाखवला, ६५५. आणि "सर, या टॉवरमध्ये दोनच युनिट्स उरलीयत," हे वाक्य तिने आपल्यामागच्या जोडप्यालाही सांगितलं. तिचा दोष नाही, तिला पगार त्याचाच मिळतो.

आता कॉस्ट शीट. ९५ लाख ही नुसती फ्लॅटची किंमत. ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, त्यावर गेलास की ७५ टक्क्यांवर येते. म्हणून तो एजंट ७५वर अडून बसला होता. म्हणजे तुझे २० लाख तिथेच संपले. मग स्टँप ड्यूटी, आपल्याकडे मेट्रोचा सेस धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख ६५ हजार. (फक्त वहिनींच्या नावावर घेतलास तर एक टक्का कमी, ९५ हजार वाचतील. सासऱ्यांना हे सांगू नकोस, ते उद्याच घ्यायला लावतील.) नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, पावणेपाच लाख. स्टँप ड्यूटी आणि नोंदणी बँक कर्जात धरत नाही. बेरीज केलीस? घरात पाऊल ठेवायच्या आधी खिशातून ३१ लाख ७० हजार. ग्रिल, पंखे, ओटा, पडदे यांतलं काहीच अजून धरलेलं नाही.

तुझ्याकडे २० आहेत. वरचे पीएफमधून, वहिनींच्या पाटल्यांतून आणि चिपळूणच्या दादांच्या एफडीतून काढणार म्हणालास. दादांच्या एफडीला हात लावू नकोस, विन्या. बाकी काही ऐकलं नाहीस तरी एवढं ऐक. गेल्या वर्षी त्यांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी पैसे कुठून आले होते ते मला माहीत आहे, तुलाही आहे.

"भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे." हे वाक्य तू काल तीनदा म्हणालास, आणि तिन्ही वेळा ते सासऱ्यांच्या आवाजात होतं. कबूल, २८ हजार भाडं परत येत नाही. आता ७५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता ६५,०८७. पहिल्या महिन्याचा हप्ता फोडून बघ. त्यात व्याज ५३,१२५. मुद्दलात जातात बारा हजारांच्याही आत. म्हणजे पाण्यात जाणारे पैसे २८ हजारांवरून ५३ हजारांवर गेले, वर मेंटेनन्स, वर मिळकतकर. फक्त पाणी बदललं, घरमालकाच्या विहिरीऐवजी बँकेची. पाच वर्षं नेमाने भरलेस तर ३९ लाख जातील आणि कर्ज उरेल ६६ लाख. मी दोनदा गणित केलं, मलाही पटत नव्हतं. करात सूट मिळते म्हणशील, तर राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांची वजावट जुन्या पद्धतीत. तू तर नवी पद्धत घेतली आहेस.

आता तुझ्या सासऱ्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटबद्दल, कारण तो दरवेळी येतोच. १९८९ साली १ लाख ८५ हजारांना घेतला, आज ८५ लाख. ऐकताना तोंडाला पाणी सुटतं. पस्तीस वर्षांचा दर काढला तर वर्षाला साडेअकरा टक्के निघतो. वाईट नाहीच. पण त्याच काळात पोस्टातला पीपीएफ १२ टक्के देत होता, २०००च्या सुरुवातीपर्यंत, आणि त्याच्याबद्दल कुणी लग्नाच्या पंगतीत बोलत नाही. बरोबर, ते त्या घरात राहिले, भाडं वाचलं, ते धरायला हवं. पण त्यांचा हप्ता पगाराच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होता, हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात. तुझा ४६ टक्के होतोय.

खरं सांगू, या बाबतीत मोठ्यांचा सल्ला घ्यावा असं मला फारसं वाटत नाही, आणि त्यात माझे बाबाही आले. नारायण पेठेतला आमचा वाडा तू पाहिला आहेस. दोन खोल्या, लाकडी जिना, खाली सार्वजनिक संडास, आणि भाडं महिना ३५ रुपये. एकतीस वर्षं तेवढंच. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली होती, भाडेकरूला कोण काढणार? गळतीची तक्रार केली की मालक नाना वरून ओरडायचे, "पस्तीस रुपयांत कौलं येतात का हो?" आणि त्यांचंही खरंच होतं, म्हणूनच पेठांतले वाडे दुरुस्तीवाचून बसत गेले. ९८ साली वाडा पडला, बिल्डरने भाडेकरूंना जागा दिल्या आणि आम्हाला ३८० फूट मालकीचं मिळालं. म्हणजे बाबांनी जन्मात घर विकत घेतलं नाही, भाडंही जवळजवळ भरलं नाही, आणि शेवटपर्यंत मला सांगत राहिले, "घर घे, भाड्याच्या घरात माणूस स्थिर होत नाही." त्यांच्याइतका स्थिर भाडेकरू मी पाहिलेला नाही.

मग तू का घेतलंस, विचारशील. विचारच. मार्च २०२१. सरकारने स्टँप ड्यूटीत दोन टक्के सूट दिली होती, ३१ तारखेला संपणार होती. रजिस्ट्रार ऑफिसात मास्क लावून रांगेत उभा होतो. ५० लाखांचं कर्ज, ६.९ टक्के, हप्ता ३८,४६६. मला वाटलं, मी फार हुशार. दर रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला, बांधलेला. तेव्हा रेपो ४ टक्के होता, मे २०२२पासून चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये साडेसहावर गेला. माझं कर्ज ९.४. बँकेने आधी हप्ता वाढवला नाही, मुदत वाढवत नेली, आणि मी मेसेज न वाचता पुसत राहिलो. एकदा स्टेटमेंट उघडलं तर ३८ हजारांच्या हप्त्यात ३७ हजारांहून जास्त व्याज! त्या गतीने मी सत्तरीतही हप्ता भरत बसलो असतो. शेवटी हप्ता ४६ हजारांवर नेला. सविताची गाडी घ्यायची राहिली ती राहिलीच. बाय द वे, गेल्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेने कर्जदाराला विचारायचं. तेव्हा मेसेज वाचत जा.

आणि पाणी. माझ्या बिल्डरच्या ब्रोशरमध्ये चोवीस तास पाणी होतं, चित्रात कारंजंही होतं. पिंपरी-चिंचवडला २०१९पासून दिवसाआड पाणी येतंय हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण चित्रातल्या कारंज्यापुढे माणसाची अक्कल चालत नाही. आता उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला टँकर रिव्हर्स घेतो, ती टुंईटुंई ऐकून मी उठतो. गजर लावत नाही. मेंटेनन्स ३,२०० होता, तो ५,१०० झालाय. आमच्या शेजाऱ्याने २०१४ साली वाकडला ६२ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२०मध्ये ६३ला विकला. सहा वर्षांत एक लाख, आणि एजंट त्यातूनच पैसे घेऊन गेला. चढत्या भावाची गोष्ट जो तो सांगतो, ही कुणी सांगत नाही.

पण मला पश्चात्ताप होतो का? नाही रे, तसाही नाही. इथेच माझी गोची आहे, म्हणून काल गप्प बसलो. दुसऱ्या बाजूचं गणितही मी केलं. तू घेतलं नाहीस आणि फरकाचे महिना ४० हजार नेमाने गुंतवलेस तर पाच वर्षांत नुसते साठवलेले २४ लाख होतात. पण तोवर घरं वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली तर हाच फ्लॅट सव्वा कोटीच्या पुढे गेलेला असेल आणि तू आहेस तिथेच असशील. ३ टक्क्यांनी वाढली तर जिंकलास. भाडं दरवर्षी ५ टक्के वाढलं तर त्याला तुझ्या हप्त्याला गाठायला सतराहून जास्त वर्षं लागतात, हे भाड्याने राहण्याच्या बाजूने. आणि हे ४० हजार तू खरंच बाजूला टाकशील? तू? बुलेट हप्त्यावर घेऊन वर्षात विकणारा? बँकेचा हप्ता चुकवता येत नाही, हा त्याचा एक गुणच म्हणायचा.

म्हणजे कागदावर प्रकरण बरोबरीत सुटतं. मग मी विचार केला की तुला आत्ताच, याच महिन्यात घर का हवंय? भाव वाढतील म्हणून नाही. तुझा मालक मुलगा अमेरिकेतून येतोय म्हणून महिन्यात जागा सोडा म्हणाला म्हणून. नऊ वर्षांत चार घरं झाली. त्याआधीच्या मालकीणबाईने वहिनी सुकट भाजतात म्हणून करार वाढवला नाही. इरा पाचवीत गेलीय आणि तिने तुला विचारलं, "आता परत नवीन मैत्रिणी का?" हे तू मला मागच्या महिन्यात सांगितलंस तेव्हा तुझा आवाज वेगळा होता. तो आवाज मला कळतो. पण ते दुखणं २८ हजारांचं आहे आणि तू त्यावर ९५ लाखांचं औषध आणायला निघाला आहेस. तेही कधी मिळणार? ताबा डिसेंबर २०२६! तोवर भाडंही भरायचं आणि व्याजही, आणि घर परत बदलायचंच आहे.

आणि ऑफिसात तुझ्या मजल्यावरची माणसं फेब्रुवारीत कमी केली ना? उद्या नोकरी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला लागली तर ताथवड्याहून रोज कसा जाशील, हे मी सांगायला नको.

अकरा महिन्यांचा करार ही नुसती सवय आहे, विन्या. बाकी राज्यांत नोंदणी टाळायला तसं करतात. महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला भाड्याचा करार, अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदवावाच लागतो. मग अकराच का? साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो. तीन वर्षांचा कर, लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट, दोन्ही बाजूंना घाल, दरवर्षी पाच टक्के वाढ लिहून टाक. मुलगा अमेरिकेतून येवो की मंगळावरून, इराची सातवी होईपर्यंत कुणी उठवणार नाही. तोवर दादांची एफडी जागेवर, पाटल्या वहिनींच्या हातात, आणि नोकरीचं काय होतंय तेही कळेल. नंतर घ्यायचंच असेल तर दहा-पंधरा वर्षांच्या सोसायटीतलं रीसेल बघू. जीएसटी नाही, पाणी येतं का ते नळ सोडून बघता येतं, आणि कन्व्हेयन्स झालंय की जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे ते चेअरमनलाच विचारता येतं.

टोकन एक लाख दिलेलं नाहीस ना अजून? दिलं असशील तर पावतीवर परताव्याबद्दल काय छापलंय त्याचा फोटो आजच पाठव.

आणि आमच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक टू बीएचके रिकामा होतोय. मालक मस्कतला असतो, २७ हजार म्हणतोय, तीन वर्षांचा करार त्यालाच हवाय, दरवर्षी भाडेकरू शोधून वैतागलाय. इराच्या शाळेची बस आमच्या गेटवरून जाते, मी काल सकाळी उभं राहून नंबर बघितला. टँकरची टुंईटुंई मात्र तुलाही ऐकावी लागेल. रविवारी तिघं या, चावी माझ्याकडेच आहे. सुकटीचं मी त्याला आधीच विचारून घेतलं. हसायला लागला, देवगडचा आहे तो.

तुझा,
मंद्या