आई, हा एकांत नव्हे

मडगाव

प्रिय आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू हल्ली "हो हो, बरं आहे सगळं" म्हणतेस आणि फोन बाबांच्या हातात देतेस. घरी आले आणि तुझ्या कानांचा विषय काढला की चहा ठेवायला उठतेस. म्हणून लिहिते आहे. पत्र दोघांना आहे, पण आधी आईने वाचावं आणि तेही स्वतः. बाबा, तुम्ही मधे सारांश सांगू नका.

चतुर्थीला घुमटाच्या, म्हणजे मातीच्या वाद्याच्या, तालावर आरती सुरू झाली तेव्हा अख्खं घर गणपतीवर फळंपानं टांगलेल्या माटोळीसमोर जमलं होतं आणि तू आत नेवऱ्यांचे डबे लावत होतीस. बोलवायला आले तर म्हणालीस, "मला आता एकांत बरा वाटतो गो." तुझ्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. जत्रेतल्या नाटकात नटाचा सूर कुठे उतरला हे घरी पोचेपर्यंत सांगत राहणारी तू. आरतीत कोणी चुकीचा शब्द म्हटला की डोळे वटारणारी तू. तुला कसला एकांत?

एकांत बाबांचा असतो. पहाटे तळीच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात, कोणाशी बोलत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, रागावून जातात. पण परत आले की त्यांना बोलायची भूक लागलेली असायची. अर्धा चहा होईपर्यंत गोमन्तकातल्या निम्म्या बातम्या आपल्याला ऐकवून व्हायच्या. बाबा तिथे स्वतःच्या पायांनी जातात आणि मनाला येईल तेव्हा उठून येतात. तुझं तसं नाही. तू माणसांत येऊन बसतेस, सगळ्यांबरोबर हसतेस, आणि तरी आमच्यापर्यंत पोचत नाहीस. मग दमून आत जातेस.

मावशी म्हणते, ताई एकलकोंडी झाली. हे मला मुळीच पटत नाही. एकलकोंडेपणा हा स्वभाव. तो जन्मभर दिसतो, सत्तरीत येऊन चिकटत नाही. दादा म्हणतो, आई विसरायला लागली. शेजारच्या काकींनी मात्र मला हळूच विचारलं, "तुज्या आवयक एकसुरें दिसता काय गो?" म्हणजे, तुझ्या आईला एकटं वाटतं का गं? सगळ्यांत त्यांचंच म्हणणं मला खरं वाटलं.

बाबा, वाळीत टाकलेल्या घरांच्या गोष्टी तुम्हीच सांगायचात. विहिरीचं पाणी बंद, लग्नाकार्याचं बोलावणं बंद, रस्त्यात भेटलं तरी बोलणं बंद. महाराष्ट्रात तर त्याविरुद्ध २०१६चा कायदाच आहे. त्या घराला निदान ठाऊक असतं की कोणी टाकलं आणि कशासाठी. आईला कोणीच टाकलेलं नाही. ती "काय म्हणालात?" विचारते आणि समोरचा म्हणतो, "काही नाही, सोड." जेवताना, टीव्हीपुढे, पाहुण्यांत, दिवसभर हेच. त्या "सोड"चा मला फार राग येतो.

आई, मला वाटतं हे सारं कानाचं आहे. आतल्या कानात शंखासारखा वळलेला भाग असतो आणि त्यात केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी. तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीतले आवाज टिपतात. वयानुसार सहसा त्याच आधी झिजतात आणि पुन्हा येत नाहीत. बोलण्यातले आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत राहतात. स, श, फ, त, क वरच्या पट्टीत. म्हणून तुला आवाज येतो, शब्द लागत नाही. बाबांचं भारदस्त बोलणं कळतं, नातवंडांचं निसटतं. साधा फोनही वरच्या पट्टीतलं बरंचसं कापूनच पाठवतो. कुकरच्या शिट्ट्या तू घड्याळ बघून मोजतेस, ते मी पाहिलंय.

चतुर्थीला घुमट तुला ऐकू आलं असणार, आरतीचे शब्द नसणार, आणि कासाळं, त्या मोठ्या झांजा, कानात टोचली असणार. हळू ते ऐकू येत नाही आणि मोठं झालं की सहन होत नाही, ही दोन्ही लक्षणं याच दुखण्याची. तू आत का गेलीस ते मला असं कळतं.

यात लाजण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे साठीपुढच्या ६५ टक्क्यांहून अधिक लोकांना कमी-जास्त हा त्रास असतो. दादाच्या शंकेबद्दलही सांगते. जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून? पण म्हणून स्वस्थही बसायचं नाही. २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, उपाय करता येण्याजोगी बारा कारणं मांडली. त्यांत कमी ऐकू येण्याचा वाटा सर्वांत मोठा, ८ टक्के, धरला होता. लोक काय म्हणतील यापेक्षा मला याची काळजी जास्त आहे.

तर बांबोळीला जाऊ. तिथे गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घसा विभाग आहे. आधी कान तपासतील. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो. मग शांत खोलीत हेडफोन लावून हळू-मोठे आवाज ऐकवतात, ऐकू आला की खूण करायची. दुखत नाही, सुई नाही. ऐकण्याचं यंत्र लागलंच, तर सुरुवातीचे काही आठवडे भांडी, पंखा, कागदाची सळसळ सगळंच अंगावर येईल. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. तेव्हा कंटाळून ते कपाटात टाकू नकोस. तुझ्याबरोबर मी येईन, तिथे तुझ्या वतीने बोलणार मात्र नाही.

बाबा, तुमच्यासाठी. ओरडू नका, ओरडल्याने स्वर फुगतात, शब्द उलगडत नाही, आणि आईला वाटतं तुम्ही चिडलात. समोर बसा, तोंड दिसू दे, टीव्ही बंद करून बोला. तिला कळलं नाही तर तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगा. "सोड" म्हणू नका. तळीवर रोज खुशाल जा, आल्यावर बातम्या आधी तिला सांगा.

पत्र मिळालं की व्हिडिओ कॉल करा. फोन आईच्या हातात द्या आणि माझा चेहरा उजेडात दिसतोय का ते बघा, म्हणजे तिला माझे ओठ वाचता येतील. कोणत्या दिवशी निघायचं ते तिच्याशीच ठरवते.

तुमची,
बाय