ताडोबाच्या वेशीवर हवा मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावात राहते आणि मोहर्लीकडच्या भागात गाईड म्हणून काम करते. यंदाचं हे बारावं वर्ष. गेल्या डिसेंबरात पुण्याचं एक कुटुंब माझ्या जिप्सीत होतं. इरई धरणाच्या पाण्याकाठी गाडी थांबली तेव्हा त्यांच्या लहान मुलीनं विचारलं, "ताई, हे धुकं कधी उठणार?" मी सवयीनं सांगून टाकलं, नऊपर्यंत उठेल. नऊ वाजले, साडेनऊ झाले, उन्हं पाठीला लागू लागली. पाण्यापलीकडची झाडं मात्र तशीच, दुधाळ काचेआड ठेवल्यासारखी. मी जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवून पाहिला. कोरडा. धुकं असतं तेव्हा तो दांडा ओलाकच्च असतो, आम्ही तो फडक्यानं पुसतो आणि मग पाहुण्यांना धरायला सांगतो. त्या दिवशी फडकं कोरडंच राहिलं.

त्या मुलीला मी चुकीचं सांगितलं होतं. ते धुकं नव्हतं, धुरकं होतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. आमच्या गावाच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर उभं राहिलं की एकामागे एक चार खुणा दिसतात. पहिली समोरच्या पाळीवरचं मोहाचं झाड, दुसरी शेतांच्या टोकाची सागाची रांग, तिसरी टेकडी आणि चौथी तिच्यामागची निळी टेकडी. सकाळी गेटवर निघण्याआधी आणि दुपारी परत आल्यावर, कुठल्या खुणेपर्यंत नजर गेली ते मी लिहिते. पाऊस संपून ऑक्टोबरात पार्क उघडतो तेव्हा बहुतेक दिवशी चार लिहिलेलं आहे. पावसानं हवा धुऊन निघालेली असते, मागच्या टेकडीवरचं एखादं उघडं झाडसुद्धा वेगळं ओळखू येतं. दिवाळीनंतर चारचे तीन होतात. डिसेंबर-जानेवारीत पानंच्या पानं "दोन" आणि "दोन" अशी आहेत, आणि काही दिवशी दुपारच्या रकान्यातही दोनच.

असं का होतं, हे मला गाडीत बसलेल्या एका निवृत्त अभियंता काकांनी समजावून सांगितलं, मग मुलाच्या मोबाईलवर मी स्वतः वाचत गेले. हिवाळ्याच्या रात्री जमीन गार होते आणि तिच्यालगतची हवाही गार होऊन खाली बसते. वर त्यामानानं उबदार हवेचं झाकण बसतं. मग खालचा धूर वर जायला वाट मिळत नाही, तो सपाट पसरतो. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही, पण हवेत काही तास, काही दिवस राहिला की त्याचे सल्फेटचे बारीक कण तयार होतात. हे कण ओलावा धरून फुगतात आणि उजेड सगळीकडे विखरून टाकतात. टेकडी जागेवरच असते, तिच्याकडून येणारा उजेड वाटेत फाटतो. अडीच मायक्रॉनपर्यंतचे हे कण म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा जेमतेम तिसावा हिस्सा. टेकडी झाकणारे कण तेच आणि छातीत खोल उतरणारेही तेच. माझ्या सासऱ्यांना दमा आहे. वहीत ज्या दिवशी एक लिहिलेलं असतं, त्या रात्री ते भिंतीला उशी लावून बसून झोपतात. हे मी कुठे वाचलेलं नाही, माझ्या घरातलं आहे.

आता आमच्या बाजूचं सांगते, कारण ते लपवून हे पत्र लिहिणं मला पटणार नाही.

मी लहानपणी आजीबरोबर मोह वेचायला जात होते. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं गळतात. झाडाखाली पाचोळ्याचा थर असतो, त्यात फूल सापडत नाही. म्हणून आदल्या दिवशी पाचोळा गोळा करून पेटवायचा. काळ्या राखेवर मोहफूल लख्ख दिसतं, टोपली लवकर भरते. आजी हातात पळसाची डहाळी घेऊन आग आपल्या झाडाखालीच राहील असं पाहायची. पण प्रत्येकाकडे तेवढा वेळ नसतो आणि वारा कुणाचं ऐकत नाही. बिडीच्या पानांसाठी तेंदूला नवी फूट यावी म्हणूनही लोक जाळतात. फेब्रुवारीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जळते, धुरे जळतात. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात आणि त्या दिवसांत गावभर धूरच असतो. चार वर्षांपूर्वी आमच्या शिवारातून गेलेली आग जंगलात शिरली. आम्ही बाया, वनरक्षक आणि फायरवॉचर मिळून रात्री दोनपर्यंत डहाळ्यांनी आणि ब्लोअरनं ती मारत होतो. त्यानंतर तीन दिवस खोऱ्यातून धूर हलला नव्हता. सकाळी रस्त्यावर चितळांचा एक कळप उभा होता, आणि इतक्या जवळून त्यांच्या अंगावरचे ठिपके मला दिसत नव्हते.

त्या वर्षापासून आमच्या घरचं एकही झाड आम्ही जाळलेलं नाही. जुनी लुगडी जोडून एक मोठी चादर शिवली आहे, ती झाडाखाली अंथरतो. फूल स्वच्छ येतं, राख-माती लागत नाही, व्यापारीही ते आधी उचलतो. गावातल्या आणखी काही घरांनी तसंच सुरू केलं आहे. सगळ्यांनी नाही. ज्यांची झाडं लांब आहेत आणि घरात माणसं कमी आहेत त्यांना ते जमत नाही. त्यांना झाडाखाली फूल झेलायच्या जाळ्या मिळाल्या तर जमेल, फक्त दटावून जमणार नाही.

आमची जिप्सीही निर्दोष नाही. वाघ दिसल्याची खबर लागली की गाड्या पळतात, आणि एप्रिलात त्या वाटेवरची धूळ खूप वेळ झाडांच्या उंचीवर लोंबकळत राहते. मी चालक भावांना हळू चालवायला सांगते. पाहुणे कधी नाराज होतात, तरी सांगते. रिसॉर्टमध्ये रात्री पेटणाऱ्या शेकोट्यांबद्दलही कुणीतरी बोललं पाहिजे.

मला खरं सांगायचं आहे ते पुढेच आहे. आमचा धूर पकडला जातो. उपग्रह आकाशातून आगीची जागा टिपतो, भारतीय वन सर्वेक्षण विभागाकडून वनकर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर सूचना येते आणि थोड्या वेळात माणूस येऊन उभा राहतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून या हंगामात हे रोज चालतं आणि ते चांगलंच आहे. पण डिसेंबर-जानेवारीत तर मोह गळत नाही, तेंदू तोडला जात नाही, जंगलात वणवा नसतो. मग माझ्या वहीत "दोन" कुठून येतं? त्या धुराला ज्वाळा नाही, म्हणून उपग्रहाची सूचना येत नाही. आमच्या गेटवर प्रवेशाच्या वेळा, शुल्क, वेगाची मर्यादा, प्लास्टिकबंदी या सगळ्याचे फलक आहेत. हवा कशी आहे ते सांगणारा एकही नाही. त्यामुळे जंगलातल्या धुराबद्दल बैठक झाली की बोट दरवेळी टोपली घेतलेल्या बाईकडेच जातं.

आमच्या जिल्ह्यात खुल्या कोळसा खाणी आहेत, औष्णिक वीजकेंद्रं आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं, आणि इथे गुण जास्त म्हणजे प्रदूषण जास्त. पुढे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीतही चंद्रपूरचं नाव आलं. चंद्रपूरहून मोहर्लीला येणारा रस्ता खाणींच्या शेजारून येतो. त्या रस्त्यालगतच्या सागाच्या पानावरून बोट फिरवलं की बोट काळं होतं आणि पानावर हिरवी रेघ उमटते. मी पाहुण्यांना ती रेघ दाखवते. झाडांच्या सालीवर दगडफुलाच्या जातीची राखाडी-हिरवी बुरशी वाढते, तीही मी पाहत असते. दगडफूल आपण मसाल्यात घालतो. ही जात सल्फर डायऑक्साइडला फार नाजूक असते, हवा बिघडली की आधी ती जाते. जंगलाच्या आत ती भरपूर आहे. रस्त्याकडच्या झाडांवर मला ती शोधावी लागते.

तरीही मी कोणत्याही कारखान्याचं नाव घेत नाही, कारण नुसत्या डोळ्यांनी कुणाचा धूर किती ते सांगता येत नाही. पण ते मोजता येतं. खास गाळणीवर हवेतले कण धरून प्रयोगशाळेत तपासले की सल्फेट किती, काजळी किती, माती किती, लाकूड-पाचोळा जळाल्याचा अंश किती हे वेगळं निघतं. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांसाठी हेच केलं जातं. त्यांनी १९७७ साली आपल्या हवेच्या कायद्यात दुरुस्ती करून ठरवलं की मोठ्या उद्यानांत आणि अरण्यांत माणसानं आणलेलं धुरकं हटवायचं. अशी १५६ ठिकाणं आहेत. दूरवर नजर पोचणं ही तिथे कायद्यानं जपायची गोष्ट आहे, आणि २०६४ सालापर्यंत हवा नैसर्गिक स्थितीला नेण्याचं उद्दिष्ट त्यांच्या नियमात आहे. ग्रँड कॅन्यनच्या हिवाळ्यातल्या धुरक्यात जवळच्या एका कोळशाच्या वीजकेंद्राचा वाटा आहे असं दिसल्यावर १९९१ मध्ये त्या केंद्राला सल्फर डायऑक्साइड ९० टक्के कमी करायला सांगण्यात आलं, आणि १९९९ पर्यंत तिथे तशी यंत्रणा बसली. आधी मोजलं, म्हणून बोट बरोबर जागी ठेवता आलं.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेत हवेतल्या १२ प्रदूषकांच्या मर्यादा आहेत आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रासाठी वेगळा रकाना आहे. सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा इतरत्र घनमीटर हवेमागे ५० मायक्रोग्रॅम, तर या क्षेत्रात २०. नायट्रोजन डायऑक्साइडची इतरत्र ४०, इथे ३०. म्हणजे जंगलाची हवा जास्त जपायला हवी हे सरकारनं मान्य केलेलं आहे. बारीक कणांना मात्र दोन्हीकडे तीच मर्यादा, वर्षाला ४० आणि दिवसाला ६०. आणि नजर किती दूर जाते हे त्या बारामध्ये कुठेच नाही. वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धुरासाठी डिसेंबर २०१५ मध्ये नियम झाले, दोन वर्षांत पाळायचे होते. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं देशातल्या बहुतेक केंद्रांना सल्फर काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्राजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून व्हायचा आहे. तो निर्णय घेणाऱ्यांसमोर शहरातल्या आकड्यांबरोबर जंगलाच्या वेशीवरचा आकडा असला पाहिजे. जो आकडा घेतलाच नाही, तो फायलीत कुठून येणार?

वीज आम्हालाही लागते. आमच्या गावातले लोक खाणीत कामाला जातात, त्यांची घरं त्यावर चालतात. काहीही बंद करा असं मी म्हणत नाही. माझं मागणं एवढंच आहे की प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि वनखात्यानं मिळून ताडोबाच्या वेशीवर, निदान दक्षिणेकडच्या एका गेटवर, हवा मोजणारं केंद्र बसवावं. त्यात वायूंसोबत बारीक कणांची गाळणी तपासली जावी आणि ठरलेल्या खुणेकडे तोंड करून एक कॅमेरा असावा, जो रोज ठरलेल्या वेळी फोटो काढेल. त्याचा आकडा गेटवर मराठीत लागावा. कोळशाच्या गाड्यांवर ताडपत्री बांधली जाते का, रस्त्यावर पाणी मारलं जातं का, हे महिन्यातून एकदा ग्रामसभेसमोर सांगितलं जावं. आणि मोह वेचणाऱ्या घरांना या फेब्रुवारीआधी जाळ्या मिळाव्यात.

१९५५ मध्ये ताडोबा राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर होतं. आज बफर धरून व्याघ्र प्रकल्प १,७०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. एवढ्या जंगलात किती वाघ, किती बिबटे, किती अस्वलं हे आम्ही मोजतो. मी स्वतः पाणवठ्यावरच्या मचाणीवर बसून मोजणी केली आहे. त्यांच्या श्वासात काय जातं, तेही मोजायला हवं.

माझी वही शास्त्रीय नाही हे मला ठाऊक आहे. पण तिच्यात खाडा नाही, आजारी होते तेव्हा मुलानं लिहिलं आहे. मंडळाच्या किंवा खात्याच्या कुणाला ती पाहायची असेल तर मंगळवारी यावं. त्या दिवशी पार्क बंद असतो, मी घरी असते. बोडीच्या पाळीवर नेऊन चारही खुणा दाखवीन.

आपली,
एक महिला गाईड
ता. भद्रावती, जि. चंद्रपूर