आईचं घर, उंदीर आणि तुला एक प्रश्न

प्रिय नीले,

इतके महिने गप्प राहिले म्हणून शिव्या देणार असशील तर आत्ताच देऊन घे, मग पुढचं वाच. फोनवर हे बोलता येत नाही कारण आई सतत आजूबाजूला असते आणि विषय तीच आहे. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, गोळ्या चालू आहेत, बास.

तर आईकडे उंदीर झालेत. हसू नकोस. उंदरांवरून सुरू झालं, मग झुरळं दिसली, आता कागद खाणारी कसर. अप्पा गेल्यापासून तिने घरातून एक कागद बाहेर जाऊ दिला नाही हे तुला माहितीये, पण तू शेवटचं पाहिलंस त्यानंतर प्रकरण फार वाढलंय. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, औषधांची रिकामी खोकी, कपड्यांची बोचकी, माळा भरला मग पलंगाखाली, पलंगाखाली भरलं मग अप्पांची खोली, आता तिथे आत शिरायचं तर आडवं व्हावं लागतं. दादाला सांगितलं तर तो म्हणतो ट्रक बोलव. दादा म्हणजे दादाच.

तुलाच का लिहितेय ते तुला कळलं असेल. हॉस्टेलवर तुझ्या कॉटखालच्या खोक्यांवरून आपण किती भांडलोय! तू म्हणायचीस लागतं गं कधीतरी, मी म्हणायचे कधीतरी म्हणजे नक्की कधी, ती तारीख सांग, आणि मग तू तोंड फिरवून झोपायचीस. ते भांडण मी अजूनही हरलेले नाही, बरं का. पण रिकामं खोकं टाकताना माणसाच्या पोटात कालवतं म्हणजे काय होतं, हे माझ्या ओळखीत फक्त तुला सांगता येईल.

पेस्ट कंट्रोलवाला आला होता, कोवळा पोरगा, बोलायला शांत. त्याने भिंतीकडचं एक खोकं ओढलं, मागे लेंड्या, बारीक, टोकाला निमुळत्या, आणि कुरतडलेल्या कागदाचं घरटं. म्हणाला, ताई मी करतो हो, पण औषध लावू कुठे? झुरळाचं जेल त्यांच्या लपायच्या जागेजवळ थेंब थेंब लावायचं असतं, इथे प्रत्येक खोकं म्हणजे लपायची जागा. फवारलं तर ते खोक्याच्या बाहेर बसणार, आतल्यांना पत्ताही नाही. आधी भिंती मोकळ्या करा, मग बोलवा. पैसे न घेता गेला, आईला वाटलं घाबरून पळाला.

आता आईचं म्हणणं असं की झुरळं घाणीत होतात आणि माझ्या घरात घाण नाही. आणि नीले, ती खोटं बोलत नाही! ओटा लखलखीत, डबे घट्ट, रात्री एक भांडं खरकटं राहत नाही. सगळ्यांची गल्लत इथेच होते. पसारा म्हणजे घाण नव्हे. या मंडळींना खायला, प्यायला आणि लपायला लागतं. लपायला ढीग मिळाला की बाकीचं ते थोडक्यात भागवतात, ठिबकणारा एक नळ पुरतो. झुरळाला अशी फट आवडते जिथे पाठ आणि पोट दोन्हीकडे टेकेल, म्हणजे पुठ्ठ्याच्या घड्या, एकावर एक रचलेले कागद. वर पुठ्ठा चिकटवायला बऱ्याचदा स्टार्चची खळ असते, तीही खातात. स्वयंपाकघरातल्या त्या छोट्या तपकिरी झुरळाच्या एका कोषात ३०-४० अंडी असतात आणि मादी तो कोष पिल्लं निघायच्या बेतापर्यंत अंगाला लावूनच फिरते. त्यांच्या विष्ठेच्या वासाने बाकीची तिथेच गोळा होतात, म्हणजे एकदा एखादा कोपरा त्यांचा झाला की तो त्यांचाच. दादाने मोठ्या प्रेमाने फोटोंचं एक खोकं स्वतःच्या घरी नेलं. आता वहिनी माझ्याशी बोलत नाही. खोकं दादाने नेलं, अबोला माझ्याशी, हे गणित तूच सोडव.

उंदरांचं तर विचारूच नकोस. घरातल्या छोट्या उंदराला ६ मिमीचं भोक पुरतं म्हणे, पेन्सिल जाईल एवढं. पोट तीन आठवड्यांचं, आणि झालेली पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः संसाराला तयार. ते भिंतीच्या कडेकडेने पळतात आणि घरट्यापासून फार लांब जात नाहीत, म्हणजे भिंतीला टेकवून रचलेले गठ्ठे म्हणजे आपण त्यांना छप्पर घालून दिलेला रस्ता! आई पिंजरा लावते तो खोलीच्या मधोमध, येता-जाता दिसावा म्हणून. अगं, तो भिंतीला लावायचा. विषारी गोळ्या मीच नको म्हटलं, त्या ढिगाखाली एखादा मेला तर वास येईल पण सापडणार नाही, आणि शोधायला ढीग उपसायचा म्हणजे परत तेच भांडण.

बाल्कनीत जुन्या बादल्या होत्या, त्यात पावसाचं पाणी साचून अळ्या झालेल्या. मी म्हटलं आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतील यातून, तर तिने लगेच उठून सगळ्या पालथ्या केल्या, दोन भंगारात दे म्हणाली. एका शब्दाने वाद नाही. मी बघतच राहिले. बादल्या अप्पांच्या नव्हत्या ना.

आता खरं सांगते, ज्यासाठी लिहायला बसले. अप्पांच्या डायऱ्या ज्या भिंतीकडे रचल्यात तिला ओल आहे. वरची एक मी उघडली. कसरीने पानांचा वरचा थर खरवडून खाल्लाय, अक्षरं मधेमधे गेलीयत, आणि बाइंडिंगची खळ खाल्ल्याने पानं सुटी झालीयत. त्या किड्याला कागद, खळ आणि दमट हवा, एवढंच लागतं, आणि कोणी हलवत नसेल तर उत्तमच. आई जे जिवापाड जपतेय तेच खाल्लं जातंय, आणि तिला माहीत नाही, कारण ती ते उघडत नाही, फक्त आहे म्हणून तिला बरं वाटतं. ती डायरी मी पिशवीत घालून घरी आणलीये, घट्ट बांधून, तिला न सांगता.

तिला दाखवू का? तू सांग. तुझ्या खोक्यातली पत्रं अशी खाल्लेली कोणी तुझ्यासमोर धरली असती तर तू खोकी सोडली असतीस की आणखी घट्ट धरली असतीस? रेक्टर बाईने सुट्टीत तुझं सामान परस्पर फेकलं ते तू अजून विसरली नाहीस, म्हणून आईच्या पाठीमागे मी काही हलवणार नाही, हे पक्कं. पण दाखवणं हेही एक प्रकारचं फेकणंच होईल का, असं रात्री डोक्यात येतं आणि झोप जाते.

एवढंच जमवलंय की टाकायचं नाही, फक्त झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरायचं, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून वीतभर लांब. याला ती हो म्हणाली. पुठ्ठा जाईल, वस्तू राहतील, त्या पोरालाही भिंत दिसेल. वर्तमानपत्रांचा विषय काढला की मात्र तिला ऐकू येत नाही.

तुझं काय? नवऱ्याची बदली नक्की झाली का, पोरीचा निकाल कसा लागला, सासूबाईंचं ऑपरेशन झालं ना? सगळं सविस्तर कळव. आणि सामान हलवताना खोकी नीट झाडून घे, तुझ्याकडे काय काय निघेल देवच जाणे.

तो पोरगा महिनाअखेरीस परत येणार आहे, त्याआधी उत्तर दे. माझ्याच पत्त्यावर पाठव, आईकडे नको, ती पाकीट उघडून वाचेल आणि मग पाकीटसुद्धा जपून ठेवेल.

तुझी,
वंदी