परदेशात मतदार, मायदेशात प्रेक्षक

महोदय,

४ जुलै २०२४ रोजी ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मी लंडनमध्ये रीतसर मतदान केले, कारण येथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तो हक्क आहे. ओळखपत्र म्हणून दाखवलेला माझा भारतीय पासपोर्ट केंद्रावरच्या बाईंनी सराईतपणे चाळला आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिलीकडे बोट दाखवले. त्याच्या महिनाभर आधी झालेल्या लोकसभेच्या निकालाला मात्र मी निव्वळ प्रेक्षक होतो. २०१० च्या कायदादुरुस्तीने अनिवासी भारतीयांना मताधिकार दिला खरा, पण तो बजावण्यासाठी स्वतःच्या मतदान केंद्रावर जातीने हजर राहावे लागते, म्हणजे आधी विमानाचे तिकीट आणि मग लोकशाही.

राजकीय करमणुकीत दोन्ही देश तुल्यबळ आहेत, हे नातेवाइकांना पटत नाही. २०२२ च्या जूनअखेरीस आपल्याकडे सुरत, गुवाहाटी आणि गोवा अशी पर्यटनयात्रा होऊन सरकार बदलले. आठवडाभरात इथेही मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावून बोरिस जॉन्सन यांना पायउतार व्हायला लावले. फरक इतकाच, की इथल्यांनी हॉटेलचा खर्च वाचवला. पुढे लिझ ट्रस यांची कारकीर्द दोन महिनेही टिकली नाही, तेव्हा ऐंशी तासांचे सरकार पाहिलेल्या मराठी माणसाला त्यात दीर्घायुष्यच दिसले.

अनिवासींना टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवण्याची तयारी निवडणूक आयोगाने २०२० मध्ये दाखवली होती. ती फाइल सध्या कोणत्या टेबलावर विसावली आहे, हे संबंधितांनी कळवावे.

– एक अनिवासी वाचक, लंडन